मी सुरू केलेली सातची बस

५ ऑगस्ट १९८५

डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर वाढलंय, राग मनात ठेवू नका. मी म्हटलं, मी तो ठेवतच नाही, लगेच काढतो. तर म्हणाले, बाहेरही काढू नका. मग उरला कागद. म्हणून ही डायरी. कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

संकल्प : आजपासून सिटी बसवर रागवायचं नाही.

संध्याकाळी. सकाळची ऑफिसची साडेनऊची बस सव्वादहाला आली आणि स्टॉपवर थांबलीच नाही. रागावलो नाही. फक्त तिच्या पाठीवर छत्री मारली. छत्री मोडली. डॉक्टरांनी छत्रीबद्दल काही सांगितलं नव्हतं.

७ ऑगस्ट

बसचा इतिहास एकदा लिहून ठेवतो, म्हणजे उद्या चौकशी कमिशन बसलं तर उपयोगी पडेल.

झाशीला सिटी बस आली गेल्या दिवाळीत. पाच गाड्या, कुठल्याशा मोठ्या शहरानं वापरून टाकलेल्या. पुढाऱ्यांनी फीत कापली, मी सीपरी बाजारच्या स्टॉपवर टाळ्या वाजवल्या आणि त्याच दिवशी माझी सायकल दूधवाल्याला देऊन टाकली. म्हटलं, नागरिकानं विश्वास टाकल्याशिवाय सरकार सुधारत नाही.

आज पाचातल्या दोन चालतात. उरलेल्या तिघी डेपोत विटांवर उभ्या आहेत. त्यांचे पार्ट काढून या दोघींना लावतात, कारण नव्या पार्टसाठी बजेट नाही. डिझेलला बजेट आहे, पण ते महिन्याच्या वीस तारखेला संपतं. स्टार्टर दोघींनाही नाही. ड्रायव्हर उतार बघून गाडी उभी करतो. उतार नसेल तिथे सवारी खाली उतरून ढकलते. तिकीट काढून ढकलते. कचहरीजवळच्या सरकारी ऑफिसातला बडा बाबू रमाकांत बखले यानं, म्हणजे मी, इलाइट चौराह्यावर भर गर्दीत बस ढकलली आहे. पँट शिवणीत उसवली. तेवढ्यात दूधवाला माझ्या सायकलीची घंटी वाजवत शेजारून गेला आणि ‘रामराम बाबूजी’ म्हणाला.

रागावलो नाही. दूध बदललं.

११ ऑगस्ट, रविवार

वरच्या दोन खोल्यांतले भाडेकरू सुभेदार बापूराव थोरवे आज बबीन्याहून आले. पलटण बबीन्याला, बायकामुलं इथे. मूळचे कराडकडचे. आमचे पूर्वज झाशीच्या सुभेदारांच्या फडात कारकून होते. आज आमच्याच घरात सुभेदार भाड्यानं राहतो, काळाचा महिमा. ते माझं मराठी ऐकून हसतात. म्हणतात, बखलेसाहेब, निम्मं तर हिंदीच बोलता की. मी त्यांना सांगितलं, हे खास पेशवाईतलं मराठी आहे, तुमच्याकडे आता ते मिळायचं नाही.

त्यांची थोरली मुलगी प्रेमला. मेडिकल कॉलेजात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. सकाळी आठला वॉर्डात हजर राहावं लागतं. हजेरी कमी पडली तर डिसेंबरच्या परीक्षेला बसू देत नाहीत. गेल्या महिन्यात बसपायी बरेच दिवस चुकले, मॅट्रननं घरी निरोप धाडला. आणि बापूरावांचा नियम असा, की पोरगी जाईल तर सिटी बसनं. तिथे बायकांच्या सीटा वेगळ्या आहेत. टेंपोत पाय टाकायचा नाही. टेंपोवाले पोरींना कशा दाटीत कोंबतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. बसनं जमत नसेल तर शिक्षण पुरे. कराडच्या आत्यानं स्थळ बघून ठेवलंय, दिवाळी झाली की अक्षता.

प्रेमलाची आई अनुसयाबाई दारात पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. प्रेमला चहा घेऊन आली होती. बशीवर कप वाजत होता. मला ते पाहवलं नाही.

मी म्हटलं, सुभेदार, सातची बस वेळापत्रकात आहे. ती स्टॉपवर आणायची जबाबदारी माझी. शब्द दिला.

आतून शकुंतला (आमची ही) म्हणाली, वेळापत्रकात तर पाचही गाड्या आहेत. तिला सार्वजनिक कामाची दृष्टी नाही.

१३ ऑगस्ट

सहाला उठलो. प्रेमलाबरोबर स्टॉपवर. सातची बस साडेसातपर्यंत नाही. पावणेआठला कंडक्टर हरगोविंद सायकलवरून आला. कंडक्टर सायकलवर, बस कुठे? म्हणाला, का करें दद्दा, डीजल नइयाँ. आज तेरा तारीख. मी विचारलं, वीस तारखेच्या आत कसं संपलं? म्हणाला, वीस तारीख मागच्या महिन्याची चाललीय अजून.

मी त्याला बरंच काही बोललो. पन्नासेक लोक जमले. कुणीतरी पाणी दिलं. बोलणं संपलं तेव्हा प्रेमला तिथे नव्हती. चालत निघून गेली होती. मेडिकल काय जवळ आहे? संध्याकाळी कळलं, दहाला पोचली, गैरहजेरी लागली.

उद्या याहून जास्त कडक बोलायला हवं.

१४ ऑगस्ट

जास्त कडक बोललो. बस नाही.

१६ ऑगस्ट

काल स्वातंत्र्यदिन, दोन्ही बस परेडच्या मुलांना घेऊन गेल्या. आज मुलं घरी पोचली, बस परतल्या नाहीत.

ऑफिस सोडून थेट डेपोत गेलो. इनचार्ज तिवारीजी. खोलीत पंखा नाही, फोन डेड, टेबलावर फायलींऐवजी एक गिअर-बॉक्स. मी आवाज चढवला. म्हटलं, एका मुलीचं आयुष्य तुमच्या सातच्या बसवर टांगलंय. अर्धा तास बोललो, मध्ये कुठे थांबलो नाही. असं बोलणं मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. तिवारीजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, समोसा मागवला आणि म्हणाले, ‘हो जाएगा बड़े बाबू, सोमवार से पक्का.’

‘पक्का’ म्हणताना त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. माणूस ओळखता येतो. तीस वर्षं मीही लोकांना ‘हो जाएगा’ म्हणत आलोय, पण माझ्यात आणि त्यांच्यात फरक आहे. ते मनापासून म्हणाले.

१९ ऑगस्ट, सोमवार

उठून स्टॉपवर जाणार होतो, पण डॉक्टरांनी पुरी झोप सांगितली आहे. साडेसातला उठलो. संध्याकाळी प्रेमला जिन्यात भेटली. विचारलं, पोचलीस? म्हणाली, ‘पोचले काका. वेळेवर.’

एका भेटीत. फक्त एका भेटीत. लोक उगाच म्हणतात की या देशात काही होत नाही. सांगणारा पाहिजे.

शकुंतलेनं आजपासून देवीच्या देवळाचा नेम धरला. साडेसहाला निघाली, नवाच्या सुमारास आली. त्यामुळे माझा डबा झाला नाही. चालायचंच. माझ्या कर्तृत्वाला तिच्या पुण्याची जोड.

२३ ऑगस्ट

प्रेमला आठवडाभर वेळेवर. माझी साडेनऊची मात्र बोंब. आज आलीच नाही. काल आली ती भरलेली होती, दारात एक बकरी उभी होती. बकरीला जागा दिली, मला नाही. साहेबांनी बोलावून विचारलं, बखलेजी, आप दफ़्तर आते हैं या मिलने आते हैं? सगळं सेक्शन हसलं. मी साहेबांना सांगितलं, सातची सुरू करून घेतली, आता साडेनऊची हातात घेतो. साहेब म्हणाले, पहले फ़ाइल हाथ में लीजिए.

रागावलो नाही. जेवणाच्या सुटीत जिना जोरजोरात उतरलो, इतकंच.

३० ऑगस्ट

जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी साडेनऊच्या ठोक्याला बस आली. ठोक्याला. पाटी : सीपरी–मेडिकल. मी विजयी मुद्रेनं चढलो. हरगोविंद काही सांगू पाहत होता, पण मी या लोकांचं ऐकून घेणं सोडलंय. आत सगळ्यांच्या हातात झेंडे. म्हटलं, असेल काहीतरी. कचहरी आली, मी घंटी ओढली. घंटीची दोरी हातात आली. कचहरी गेली. मेडिकल गेलं. मी ओरडत होतो, आणि आत सगळेच ओरडत होते, घोषणा. बस थेट कानपूर रोडनं चिरगाँवला. तिथे कुठल्याशा पक्षाची सभा. शहराच्या दोन्ही बस सभेला. शहरात त्या वेळी एकही बस नाही, आणि मी, तिच्यासाठी महिनाभर भांडणारा, बसमध्ये.

उतरल्यावर कुणीतरी माझ्या हातात पुऱ्यांचं पाकीट दिलं. निषेध म्हणून ठेवून देणार होतो, पण डबा नव्हता. वक्ते म्हणाले, झाशीला दहा नव्या बस देणार. टाळ्या झाल्या. सवयीनं मीही वाजवल्या.

परतताना बसचं डिझेल संपलं. ट्रॅक्टर-ट्रॉलीत, कांद्यांवर बसून घरी. पूर्ण दिवस रजा लागली. शकुंतलेनं फक्त विचारलं, सभा बरी झाली का. हे मला जास्त लागलं.

४ सप्टेंबर

शकुंतलेच्या पातळाला डिझेलचा वास येतो. विचारलं तर म्हणाली, तिकडे टेंपो उभे असतात ना. देवळाच्या दारात टेंपो. हे अतिक्रमण आहे. अर्ज करीन.

शिवाय तिचा गुडघा सुजलाय. म्हणाली, बसायला जागा कमी, पाय दुमडून घ्यावे लागतात. देवीकडे एवढी गर्दी कधीपासून? लोकांची श्रद्धा वाढतेय हे मात्र चांगलं.

संकल्प : एक दिवस साताला स्वतः स्टॉपवर जाऊन आपली बस डोळे भरून पाहायची. उद्याच.

५ सप्टेंबर

पाऊस. उद्या.

६ सप्टेंबर

विचार केला, धरण बांधणारा इंजिनिअर रोज जाऊन पाणी मोजत बसत नाही. काम करावं आणि बाजूला व्हावं. प्रेमला वेळेवर पोचते, हीच पावती.

१२ सप्टेंबर

बापूरावांचं बबीन्याहून पत्र. पोरगी नीट जाते का, विचारलंय. उत्तर लिहिलं : आपण निश्चिंत असावे, सातची बस मी घड्याळासारखी लावून दिली आहे. पत्र टाकायला जाताना शकुंतला म्हणाली, एवढं कशाला लिहायचं, ‘सर्व कुशल’ लिहा. मी म्हटलं, कर्तृत्व झाकून ठेवणं हाही एक अहंकार आहे.

काहीतरी सांगायचं होतं तिला. मग कुकरची शिट्टी झाली.

२१ सप्टेंबर

आपल्या मंडळींच्या गणपतीत आज माझं भाषण. विषय : ‘नागरिक आणि निर्धार’. जुनी घराणी, बबीन्याचे फौजी, सगळे होते. लहान मुलांना मराठी समजतं, बोलता येत नाही, म्हणून अधूनमधून हिंदीत. सातच्या बसची हकीकत सांगितली. टाळ्या पडल्या. शेवटी एक गृहस्थ उठून म्हणाले, मी रोज साताला त्याच स्टॉपवरून दूध आणतो, बस काही दिसली नाही. मी म्हटलं, काही लोकांना बस दिसते, काहींना फक्त दूध दिसतं. पुन्हा टाळ्या.

पुढच्या रांगेत प्रेमलाला जोराचा खोकला आला. शकुंतला तिला घेऊन बाहेर गेली. वॉर्डातून काही लागण झाली नसावी.

३ ऑक्टोबर

आज साडेनऊच्या बसचं मागचं चाक इलाइट चौराह्याजवळ निखळून पुढे निघून गेलं. बस थांबली, चाक थांबलं नाही. टायर इतके झिजलेत की आतलं कापड दिसतं. हरगोविंद चाकामागे, मी हरगोविंदामागे. चौराह्यावरचा पोलिस मला म्हणाला, बाबूजी, अपना सामान सँभाल के रखा करो.

माझं सामान. त्या क्षणी मी जे बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही. घरी येऊन ब्लडप्रेशर पाहिलं नाही. पाहायचं कशाला?

टॅक्स भरतो. तिकीट काढतो. ढकलतो. आणि वर लोक आमच्यावरच हसतात. या शहरात माणसाला घरून ऑफिसला वेळेवर नेणं कुणालाच जमत नाही? फार मोठं मागतोय का मी? रागावलोय. हो. आज रागावलोय.

फक्त सातची आठवली की जरा बरं वाटतं. एक तरी गोष्ट या शहरात माझ्यामुळे चालते.

१४ ऑक्टोबर

कल्पना सुचली. इतकी साधी, की अडीचशे वर्षांत इथे कुणाला सुचली नाही.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची, गाड्यांची पूजा होते. बापूरावांच्या पलटणीत तर तोफेला हार घालतात. या बसला कधी कुणी कुंकू लावलंय का? वर्ष होत आलं, झेंडूचं एक फूल नाही. इकडचे लोक रामलीलेत आणि रावणात गुंतलेले. वाहनाची पूजा नाही म्हटल्यावर वाहन काय करणार, चाकच टाकणार.

ठरलं. खंडेनवमीला साताला स्टॉपवर सातच्या बसची पूजा. हार, नारळ, हळदकुंकू. नर्सिंगच्या मुलींना सणाची सुटी नसते, वॉर्डात ड्यूटी असते, म्हणजे प्रेमलाही त्याच बसमध्ये. आणि मुख्य म्हणजे बापूराव दसऱ्याला रजेवर येताहेत. हार त्यांच्या हातून. आपल्या लेकीची बस.

त्यांना बबीन्याला पत्र टाकलं. घरी बायकांना सांगायचं नाही, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळं सरप्राइज.

खंडेनवमी, सकाळी ६

बापूराव काल संध्याकाळी आले. कडक इस्त्री, मिशीला तूप. मी आणि ते फिरायला म्हणून निघतोय. हार पिशवीत. शकुंतला न्हाणीघरात, तिला काही पत्ता नाही.

आज रागवायचं कारणच नाही.

खंडेनवमी, दुपारी

लिहावं की नाही. लिहितो.

सात वाजले. प्रेमला अजून स्टॉपवर नाही. बस नाही. मी बापूरावांना म्हटलं, सणाचा दिवस, पाच मिनिटं इकडेतिकडे. ते अटेन्शनमध्ये उभे, हातात हार. दहा मिनिटं गेली. रस्त्यावरचे लोक थांबून पाहायला लागले, कुणाचा सत्कार आहे म्हणून. मी नारळाची शेंडी उगाच नीट करत होतो.

तेवढ्यात टेंपो-स्टँडच्या वळणावरून एक टेंपो आला. आम्ही दोन माणसं उभी दिसलो म्हणून ड्रायव्हरनं समोरच ब्रेक मारला. ‘आओ दद्दा, मेडिकल, मेडिकल, दो की जगा है.’

आत मागच्या बाकावर कोपऱ्यात प्रेमला, पांढऱ्या ड्रेसवर शाल. तिच्या या अंगाला शकुंतला. पाय दुमडून, दोन्ही हात आडवे धरून बसलेली, म्हणजे शेजारच्या माणसाचा खांदा मुलीला लागू नये. समोर चार पुरुष, एकाच्या मांडीवर कोंबड्यांची टोपली.

प्रेमलानं बापाला पाहिलं. हार पाहिला. मग मला.

मी ताबडतोब म्हणालो, आज बस बिघडली असेल, म्हणून नाइलाजानं, आजचा एक दिवस. मी सगळं सावरत होतो. पण ड्रायव्हरला कोण गप्प करणार? तो म्हणाला, ‘आज काए? अम्मा तौ बिटिया कों लैकें रोज बैठत हैं. सात बजे वारी बस? बा तौ हमने कभऊँ नईं देखी, दद्दा.’

बापूरावांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, ‘प्रेमला, उतर.’ ती उतरली. शकुंतला उतरली, सुजलेल्या पायानं, टेंपोचा दांडा धरून. कुणी तिला हात दिला नाही. मी पिशवी धरली होती. ड्रायव्हर म्हणाला, पैसा तो देती जाओ अम्मा, आणि तिनं दिले.

घरी येताना चौघेही एका रांगेत. हार बापूरावांच्या हातातच होता. दारात आल्यावर तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि वर गेले.

आता वरून ट्रंका सरकवल्याचा आवाज येतोय. अनुसयाबाईंचं रडणंही. एक तारखेच्या गाडीनं मायलेकी कराडला जाणार. वॉर्ड बंद, परीक्षा बंद.

दसरा

काल संध्याकाळचं लिहायचं राहिलं.

प्रेमला जिन्यावर बसली होती. मी तिची समजूत घालायला गेलो. म्हटलं, बेटा, मी जे केलं ते तुझ्यासाठीच केलं. ती उठून उभी राहिली. लहान आहे, पण डोळ्यांत असा राग मी माझ्या आरशातही पाहिलेला नाही.

‘काका, मी कधी म्हणाले होते, बसनं आले म्हणून?’

खाली येऊन डायरीची मागची पानं चाळली. ‘पोचले’ म्हणाली होती. ‘वेळेवर’ म्हणाली होती. बस मी लिहिली होती.

मग मी शकुंतलेवर रागावलो. दोन महिने नवऱ्यापासून लपवलंस. देवीचं नाव घेऊन. मला एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी भाषण केलं नसतं, पत्र लिहिलं नसतं, हार आणला नसता. ती आपट्याची पानं निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तुम्ही डेपोत जाऊन ओरडला असता. तिवारीजींनी समोसा दिला असता. आणि इकडे तिला आठला वॉर्डात उभं राहायचं होतं. तुमचं ओरडणं संपेपर्यंत कोण थांबणार होतं?’

मी म्हटलं, माझा हेतू चांगला होता. ती म्हणाली, हो. हे तिनं खरं म्हणून म्हटलं की कंटाळून, कळलं नाही.

संध्याकाळी सगळे सोनं द्यायला आले. वरून फक्त बापूरावांचा धाकटा मुलगा आला, दोन पानं टेबलावर ठेवून पळाला. प्रेमला आली नाही.

२५ ऑक्टोबर

डेपोत गेलो. का गेलो माहीत नाही. सवय. तिवारीजी म्हणाले, दोघींतली एक पण बसली, बड़े बाबू. आता एकच. ‘हो जाएगा,’ म्हणाले, आणि समोसा मागवला. या वेळी मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही. मला बोलायचं होतं खूप. तीस वर्षांची सवय, शब्द तोंडाशी आले होते. पण कुणाविरुद्ध बोलायचं ते नक्की होईना. उठून आलो. समोसा खाल्ला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

रजा संपून बापूराव पलटणीत परतलेत. आज शकुंतला एकटी बबीन्याला गेली. पॅसेंजरनं. मी म्हटलं, मी येतो, बापूरावांना नीट पटवून देतो. ती चप्पल घालता घालता थांबली आणि म्हणाली, तुम्ही घरीच थांबा. रागानं नाही.

दिवसभर घरी. वरच्या मजल्यावर पावलं. प्रेमला येरझारा घालत होती. मी खाली बसून छताकडे पाहत होतो. साडेतीनची पॅसेंजर लेट असणार, हे मी पैजेवर सांगितलं असतं. लेटच होती. त्यावरही रागावता आलं नाही.

दिवेलागणीला आली. थेट वर गेली. थोड्या वेळानं वरून अनुसयाबाईंचं हसणं ऐकू आलं, मग प्रेमलाचं. खाली आल्यावर शकुंतलेनं आधी पाय गरम पाण्यात घातले, मग सांगितलं.

बापूराव मानले. मॅट्रनचं पत्र ती बरोबरच घेऊन गेली होती : आतापर्यंतची हजेरी पुरेशी आहे, आता खंड पडू नये. बापूराव ते दोनदा वाचून म्हणाले, म्हणजे वहिनींनी पोचवली म्हणून पोचली. परीक्षा होऊ दे. टेंपोनं जाऊ दे. वहिनींचा गुडघा दुखतो, त्यांना त्रास नको, अनुसया जाईल सोबत. कराडच्या स्थळाला ते स्वतः लिहितील.

मी म्हटलं, वा. शेवटी माझ्या शब्दाचा मान राहिला.

ती म्हणाली, एक अट घातलीय.

काय?

‘बखलेसाहेबांनी यात काही करायचं नाही.’

मी विचारलं, यात म्हणजे कशात? बसच्या बाबतीत, की टेंपोच्या? तिनं पाय पुसले, पाणी ओतून दिलं आणि म्हणाली, ‘मी विचारलं होतं. म्हणाले, कशातच नाही.’

मी हो म्हणालो.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी साताच्या आधी जिन्यावर दोघींच्या चपला वाजल्या. दार उघडलं, लागलं. दूरवर टेंपोचा हॉर्न झाला.

मी जागा होतो. उठलो नाही. अटीप्रमाणे.